एका थेंबात एकच

फ्रीजरच्या सगळ्यात खालच्या खणातला निळा डबा त्याने ओढला तो फक्त त्याच्या मागे पडलेलं एक लेबल उचलायला. डबा बर्फाला धरून बसला होता. हिसका दिला तेव्हा झाकण उघडलं आणि आतल्या नळ्या खडखडल्या. चौदा होत्या. करंगळीच्या पेराएवढ्या नळ्या, प्रत्येकीच्या अंगावर नमुन्याचा नंबर त्याच्या स्वतःच्या अक्षरात, आणि झाकणावर लाल शाईने, दुसऱ्या कुणाच्या तरी गोल अक्षरात, ‘पुन्हा’. त्याने एक नळी उजेडाकडे धरली. मग दुसरी. हातमोज्यातून गारठा बोटांत चढायला लागला तरी तो नळ्या फिरवून फिरवून बघत राहिला, कारण त्यांवरच्या तारखा ओळीने लागत होत्या. पहिली तारीख तो रजेवरून परत आला त्यानंतर पाचव्या दिवसाची. शेवटची परवाची. मधल्या दोन महिन्यांत त्याने केलेलं जवळजवळ प्रत्येक काम कुणीतरी त्याच्या मागे पुन्हा केलं होतं. डबा त्याने होता तसा आत सारला, दार लावलं, आणि तिथेच उभा राहिला. राग नव्हता आला. शर्टाच्या पाठीवर कुणीतरी चिठ्ठी टाचलेली असावी, दिवसभर सगळ्यांनी ती वाचलेली असावी आणि आपल्याला ती संध्याकाळी शर्ट काढताना दिसावी, तसं काहीतरी झालं.

प्रयोगशाळेत त्याला सगळे थेंबेकाका म्हणत. हे काही त्याचं आडनाव नव्हतं. अकरा वर्षं तो एकच काम करत आला होता आणि ते काम थेंबांचं होतं. रुग्णाच्या रक्तातून, गाठीतून डीएनए निघायचा, त्याचे बारीक तुकडे व्हायचे, तुकड्यांच्या दोन्ही टोकांना ठरावीक शेपट्या जोडल्या जायच्या. शेवटी पलीकडच्या खोलीतलं यंत्र हे तुकडे अक्षर अक्षर वाचायचं. पण यंत्राला एकटा तुकडा दिसत नाही. त्याला एकाच तुकड्याच्या लाखो प्रती एका जागी जमलेल्या लागतात. त्या जमवणं हे काकांचं काम. ही गोष्ट त्याने आपल्या बायकोला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, एका रविवारी, भांडी पुसता पुसता सांगितली होती. पाण्यात तुकडे टाकायचे, नजरेला न दिसणारे मणी टाकायचे, प्रती काढणारं रसायन टाकायचं, आणि ते सगळं तेलात घालून घुसळायचं. पाण्याचे कोट्यवधी थेंब होतात, प्रत्येक थेंब तेलाच्या भिंतींत बंद. एका थेंबात एक मणी आणि एक तुकडा सापडला की काम झालं. मग ते यंत्रात ठेवायचं, तापवायचं, थंड करायचं, पुन्हा तापवायचं, पन्नास वेळा. दर वेळी प्रती दुप्पट होतात आणि मण्याला चिकटत जातात. शेवटी तेल काढून टाकलं की मणी हातात येतो, अंगभर एकाच तुकड्याच्या प्रती लेवून. ती इस्पितळाच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, एकवीस वर्षं. ताट हातात धरून तिने विचारलं होतं, “आणि एका थेंबात दोन तुकडे गेले तर?” तो म्हणाला, मग मण्यावर दोघांच्या प्रती बसतात, यंत्राला एकाच वेळी दोन आवाज ऐकू येतात आणि तो मणी वाया. “म्हणजे क्रॉस कनेक्शन,” ती म्हणाली होती. “एवढंच ना? मग इतकी वर्षं सांगायला काय झालं होतं तुम्हाला? मला वाटायचं, असेल काहीतरी मोठं.”

बोका यंत्राच्या खोलीत होता. पंचेचाळिशीचा माणूस, वाचायचं यंत्र त्याच्या ताब्यात, आणि ती खोली उबदार असल्यामुळे दुपारी हमखास डोळे मिटून बसलेला, म्हणून बोका.

“बोक्या, खालच्या खणातला निळा डबा कुणाचा?”

“कुठला निळा?”

“डोळे उघडून बोल.”

“काका, चहा घेऊ या का?”

“म्हणजे तुला माहीत आहे.”

“सगळ्यांनाच माहीत आहे,” बोका म्हणाला, आणि लगेच त्याने जीभ चावली.

मॅडमना पिपेट, म्हणजे थेंब मोजून घ्यायची नळी, धरायला त्यानेच शिकवलं होतं. त्या नव्या आल्या होत्या तेव्हा अंगठा कसा हलका ठेवायचा, टोक पाण्यात किती बुडवायचं, सगळं. आता त्या विभागाच्या प्रमुख होत्या आणि तो त्यांना चारचौघांत आणि एकट्यातही मॅडमच म्हणायचा. तो दारात दिसला तशा त्या समजल्या असाव्यात, कारण त्यांनी हातातला कागद पालथा ठेवला.

“बसा काका.”

“उभाच बरा आहे. किती वाईट?”

त्यांनी संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला. “पूर्वी तुमच्या शंभर मण्यांत अठरा भरलेले असायचे. बाकीचे रिकामे. आता पंचावन्न भरलेले येतात.”

बाहेरच्या माणसाला ही प्रगती वाटली असती. त्याला मात्र त्यात चूक दिसली. एका थेंबात दोन तुकडे जाऊ नयेत म्हणून तुकड्यांचं पाणी इतकं पातळ करायचं असतं की बहुतेक थेंबांत काहीच जाऊ नये. रिकामे मणी नंतर वेगळे काढून टाकता येतात. भरलेल्यांतले मिसळलेले काढता येत नाहीत. पंचावन्न भरलेले म्हणजे त्यातला तिसरा हिस्सा मिसळलेला, आणि मणी वाचायला ज्या चिपवर बसवतात तिच्यावर जागा तेवढीच.

“वही बघितलीत?”

“वहीत सगळं बरोबर आहे. तिथेच तर अडतंय. तुम्ही बरोबर लिहिता आणि चुकीचं निघतं.”

“मला सांगायचं होतंत.”

“काय सांगायचं? तुम्ही रोज नवाला एक मिनिट असताना येता, कोट चढवता, कामाला लागता. त्या दिवसांत तेवढी एकच गोष्ट तुमची नीट चाललेली दिसत होती. तीही काढून घ्यायची?” त्या थांबल्या. “पण उद्या सांगावंच लागलं असतं. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंचा नमुना आहे.”

ते प्रकरण त्याला माहीत होतं. त्यानेच तर तो नमुना मागच्या आठवड्यात चालवला होता. चाळिशीतली बाई, रक्ताचा आजार. तिच्या पेशींत एक ठरावीक बदल असेल तर त्यावर नेमकं औषध आहे, नसेल तर ते औषध नुसतं त्रासाचं. बदल असलाच तर शंभरात तीनचार वाचनांतच दिसणार, इतका बारीक. मिसळलेल्या मण्यांच्या गोंगाटात तो आहे की नाही हे कुणीच छातीठोक सांगू शकत नव्हतं. आणि पुन्हा सुई घालावी अशी बाईंची अवस्था उरली नव्हती. नळीत तीन मायक्रोलिटर शिल्लक होतं. पाण्याच्या एका साध्या थेंबाच्या पंधराव्या हिश्शाएवढं. त्यातलं दोन लागतं. म्हणजे एकच खेप. “तिचा नवरा दिवसातून तीनदा फोन करतो,” मॅडम म्हणाल्या. “काय विचारायचं ते त्यालाही कळत नाही. नुसतं ‘झालं का?’ म्हणतो. ही खेप मी करते, काका.”

“नाही. मी करणार.”

“काका…”

“दुपारपर्यंत वेळ द्या. चूक कुठे आहे ते काढून दाखवतो. नाही सापडली तर नळी तुमची, आणि डबाही तुमचा.”

बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच नवल वाटलं, आवाज इतका सरळ कसा आला. पण त्यात बढाई नव्हती. आपला हात त्याला माहीत होता. टेबलाशी येऊन त्याने स्टूल ओढलं आणि अकरा वर्षांची वाट मनातल्या मनात चालायला लागला. तेल? तेल गार राहिलं तर थेंब मोठे होतात, पण तेल तो आजही तासभर आधी बाहेर काढतो. घुसळण्याचा वेग? तो यंत्राचा, माणसाचा नाही. मणी जुने? मग मॅडमनी पुन्हा केलं तेव्हा तेच मणी नीट कसे निघाले? एकेक पायरीवर तो थांबत होता आणि प्रत्येक पायरी पायाखाली घट्ट लागत होती, आणि मधेच भलतीकडे लक्ष जात होतं. तिसऱ्या मजल्याचा तो लांब बाक. त्याच बाकावर तो एकोणीस दिवस बसला होता. तो नवराही आता तिथेच बसत असणार, बाकाच्या डाव्या टोकाला, कारण उजवीकडच्या टोकाचा एक खिळा वर आलेला आहे आणि हे पहिल्या दिवशीच कळतं. एकोणीस दिवस त्याने कुणाला ‘झालं का’ असंही विचारलं नाही. बायकोच्या डोक्यातलं रक्त थांबलं नव्हतं आणि विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. ती एक्स्चेंजमध्ये होती तेव्हा म्हणायची, माणसं फोनवर दोनच प्रकारची असतात, बोलायचं असून न बोलणारी आणि काही नसताना बोलणारी. “आणि तुम्ही?” म्हणून स्वतःच उत्तर द्यायची, “तुम्ही रिसीव्हर खाली ठेवलेला फोन.”

घर त्याने नीट सांभाळलं होतं. याचा त्याला अभिमानच होता. लेक दर दोन दिवसांनी फोन करायची, “बाबा, जेवलात का?” आणि तो सांगायचा, “अगदी मोजून.” खोटं नव्हतं ते. काही वर्षांपूर्वी बायकोचं मनगट मोडलं होतं तेव्हा ती स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसायची, हुकूम सोडायची आणि हा रांधायचा. मग रोज रोज सांगायचा कंटाळा येऊन तिने एका कागदावर मापं लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. तांदूळ इतका, पाणी इतकं, डाळ इतकी, मीठ, चहाची पूड, कपड्यांचा साबण, सगळं दोघांपुरतं. ती गेल्यावर पहिल्याच आठवड्यात तो त्या कागदासमोर उभा राहिला आणि त्याने सगळ्याचं अर्धं करायला घेतलं. कागदावर काही खोडलं नाही. तिच्या अक्षरावर पेन्सिल लावायची त्याची इच्छा नव्हती. वाचायचं ते दोघांचं आणि घ्यायचं ते अर्धं. पहिल्या दिवशी शिजायचा वेळही अर्धा केला आणि तांदूळ दाताखाली कचकचला. तेव्हा तो एकटाच म्हणाला होता, “वेळेचं अर्धं होत नाही,” आणि पुढचं सगळं मग जमून गेलं. आता विचार करावा लागत नव्हता. डोळा दोन वाट्या वाचायचा आणि हात एक वाटी काढायचा. घरात शिळं उरत नव्हतं. लेकीला त्याने हे कौतुकाने सांगितलंही होतं आणि फोनवर ती बराच वेळ गप्प राहिली होती. त्याला वाटलं, लाइन गेली.

अकरा वाजता त्याने बोक्याला ओढून आणलं. खऱ्या नळीला हात लावायचा नव्हता. निळ्या रंगाचं पाणी घेतलं, साधं पाणी घेतलं, रिकाम्या नळ्या मांडल्या.

“त्या स्टुलावर बस. मी रोज करतो तसंच करणार. तू फक्त बघायचं.”

“काय बघू?”

“हात. तोंडाकडे लक्ष देऊ नकोस.”

“तुमच्या तोंडाकडे तसंही कोण बघतंय, काका,” बोका म्हणाला. पण तो पुढे सरकून बसला आणि यावेळी त्याचे डोळे टक्क उघडे होते.

पातळ करायच्या दोन पायऱ्या. दोन्हींचं माप एकच: दोन भाग नमुना, एकशे अठ्ठ्याण्णव भाग पाणी. त्याने लहान पिपेट उचलली. “दोन,” म्हणाला आणि निळं पाणी नळीत सोडलं. मग मोठी पिपेट घेतली, अंगठ्याने चक्री फिरवली. तिच्या मुठीत एक छोटी खिडकी असते, त्यात आकडे सरकतात. “एकशे अठ्ठ्याण्णव,” तो म्हणाला. पाणी खेचलं, सोडलं, नळी उलटीसुलटी केली. निळा रंग पसरला. मग दुसरी नळी. “दोन.” पुन्हा मोठी पिपेट. “एकशे अठ्ठ्याण्णव.”

“काका, किती म्हणालात?”

“एकशे अठ्ठ्याण्णव. कान फुटले का?”

“खिडकीत बघा.”

त्याने पिपेट डोळ्यांसमोर आणली. शून्य, नऊ, नऊ.

शेजारच्या खोलीत पंखा घरघरत होता. त्याने चक्री फिरवून आकडा मागे नेला, पिपेट खाली ठेवली, डोळे मिटले आणि पुन्हा उचलून, तोंडाने एकशे अठ्ठ्याण्णव म्हणत, अंगठ्याला वाटेल तसं फिरवू दिलं. अंगठा थांबला. डोळे उघडले. नव्व्याण्णव. वहीत त्याने दोन महिने एकशे अठ्ठ्याण्णव लिहिलं होतं, कारण वाचलं तेच होतं, आणि घेतलं होतं नव्व्याण्णव. दोन्ही पायऱ्यांना. पाणी दोनदा अर्धं, म्हणजे तुकड्यांची गर्दी चौपट. अठराचे पंचावन्न होणारच.

त्याला ते कळलं तेव्हा सगळ्यात आधी, इतर काही वाटायच्या आधी, सुटल्यासारखं वाटलं. हात बिघडला नव्हता. थरथर नव्हती, विसरभोळेपणा नव्हता. बिघडलेला हात एकदा नव्वद घेईल, एकदा दीडशे घेईल. याने चौदाच्या चौदा वेळा, न चुकता, एकशे अठ्ठ्याण्णवचं बरोब्बर अर्धं केलं होतं. नव्व्याण्णव. कपाटाच्या दाराशी हाताला जे शिकवलं होतं तेच तो हात इथे करत होता, आणि इतक्या मन लावून करत होता की आत कुठेतरी त्याला हातावर मायाच आली. पण नमुन्याचं माप मात्र त्याने कधी अर्धं केलं नव्हतं. दोनचं एक केलं असतं तर हिशेब जुळून गेला असता, कुणाला काही कळलंही नसतं. दोन ते दोनच ठेवलं होतं. यावर तो थोडा वेळ थांबला. मग त्यावर जास्त विचार करायचं नाही असं त्याने ठरवलं, कारण बोका समोर बसला होता आणि डोळे भरून आले असते.

“काका, घरी कोणी आहे का हल्ली? म्हणजे, जेवायखायला?” बोक्याने विचारलं.

“मी आहे ना.”

“तसं नाही…”

“मला कळलं कसं ते. चल, मॅडमना बोलाव.”

मॅडम आल्या. त्याने चूक करून दाखवली, जशीच्या तशी, खिडकीतल्या आकड्यासकट. कारण सांगितलं नाही. फक्त म्हणाला, “सवय लागली आहे. दुसरीकडची.” त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं नाही. टेबलाच्या कडेवर बोट फिरवत त्या म्हणाल्या, “सवय एका दिवसात जाते का?”

“नाही जात. म्हणून आकडा मी वाचणार नाही. बोका वाचेल. मी फिरवणार, तो खिडकीत बघून मोठ्याने सांगणार, तो सांगेपर्यंत मी पाणी खेचणार नाही. दोघांच्या सह्या. दर नमुन्याला. फक्त आज नाही.”

“आणि नळी?”

“नळी माझ्याकडे.”

तो वाट बघत राहिला. तीन मायक्रोलिटर, आणि त्या पलीकडे काही नाही. मग मॅडम स्वतः फ्रीजरकडे गेल्या आणि ती नळी चिमटीत धरून घेऊन आल्या आणि त्याच्या टेबलावरच्या बर्फात ठेवली.

दुपारी त्याने काम केलं. बोका कानाशी वाकून आकडे वाचत होता, एखाद्या पुकारणाऱ्यासारखा. “शून्य, शून्य, दोन. बरोबर. एक, नऊ, आठ. बरोबर.” मोठ्या पिपेटची चक्री दोन्ही वेळा नव्व्याण्णववर अडखळली. दोन्ही वेळा ती त्याने पुढे नेली. अंगठ्याला ते आवडलं नाही, त्याला ते जाणवलं, पण अंगठ्याला विचारतो कोण. मग मणी, मग रसायन, मग तेल. घुसळणाऱ्या यंत्राचा आवाज बदलत गेला, आधी खळखळ, मग जाड, मग दह्यासारखा मऊ. पांढरं, दाट, काहीच न दिसणारं ते दूध त्याने छोट्या कप्प्यांत वाटलं. त्यात आता कोट्यवधी थेंब होते आणि त्यांतले बहुतेक रिकामे होते. आत मणी नुसता बसून राहणार, पन्नास वेळा तापणार, पन्नास वेळा निवणार, आणि सकाळी होता तसाच बाहेर येणार. पूर्वी त्याला याचं काही वाटत नसे. आज वाटलं, आणि वाटून झालं. रिकामे राहायलाच हवेत. ते भरायला गेलं की सगळंच जातं. यंत्राचं झाकण लावून त्याने बटण दाबलं, कोट काढला आणि पाच वाजता घरी गेला.

सकाळी त्याने थेंब फोडून तेल काढलं, मणी धुतले, एक कणभर भाग मोजायला दिला. चमकणारा रंग लावला की भरलेले मणी उजळतात, रिकामे काळे राहतात. बोका आकडा घेऊन आला तो चेहरा पाडूनच.

“काका, बघा बुवा. शंभरात त्र्याऐंशी रिकामे.”

“मग तोंड का पाडलंस?”

“तुमची गंमत करत होतो,” बोका म्हणाला, आणि दात काढले. “सतरा भरलेले. पूर्वीसारखे.”

चुंबकाने भरलेले ओढून घेतले, रिकामे टाकून दिले, चिप भरली. यंत्राला वाचायला दुपार लागली. ती दुपार त्याने बेसिन घासण्यात, पिपेटी पुसण्यात आणि एकदा विनाकारण जिन्यापर्यंत जाऊन परत येण्यात घालवली. तिसऱ्या मजल्यावर चढला नाही. रुग्णाच्या माणसांशी प्रयोगशाळेने बोलायचं नसतं, आणि त्याच्याकडे सांगण्यासारखं अजून काही नव्हतं. चारला मॅडमनी हाक मारली. पडद्यावर मिसळलेल्यांची ओळ अगदी तळाशी गेली होती. त्यावर बाकीची वाचनं एकेकटी, स्वच्छ, ओळीने. त्या ठरावीक जागेवर शंभरात चार वाचनांत एक अक्षर वेगळं होतं. मॅडमनी तीनदा तपासलं. त्याने एकदाच पाहिलं.

“आहे,” तो म्हणाला.

“आहे,” त्या म्हणाल्या, आणि डॉक्टरांना फोन लावला. फोनवर त्या फार थोडं बोलल्या. पलीकडून ‘आजच सुरू करतो’ एवढं त्यालाही ऐकू आलं.

सह्या झाल्या. आधी त्याची, तिच्या खाली आकडे वाचणाऱ्याची. मॅडम निळा डबा घेऊन आल्या होत्या. तो टाकायचा की ठेवायचा, असं त्यांच्या हातात तो अडकला होता.

“ठेवा,” तो म्हणाला. “तुम्ही केलंत तरी उद्यापासून एकेक मीच पुन्हा करतो. पण एक सांगतो. माझ्या मागून कुणी काही तपासायचं नाही. चुकलो तर तोंडावर सांगायचं.”

“तेव्हा तोंडावर सांगितलं असतं, काका, तर तुम्ही रडला असतात.”

“मग रडलो असतो,” तो म्हणाला. “मणी तरी वाचले असते.”